थंडीच्या गणितातला माणूस

१

रॉस्को पिंकनी कुणाच्याही घरात शिरला की आधी खिडक्यांकडे बघायचा, मग माणसांकडे. ही त्याच्या बायकोची जुनी तक्रार होती, आणि ती सोडून गेली त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. वेस्ट फिलाडेल्फियातली शंभर-सव्वाशे वर्षांची, एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरं हा त्याचा धंदा. कोणत्या घराला थंडीत किती ऊब लागेल, उन्हाळ्यात किती गारवा, यंत्र कोणतं आणि नळ कुठून न्यायचे, हे तो ठरवून द्यायचा. बसवणारे वेगळे. रॉस्कोचं काम गणिताचं. खोली न् खोली मोजायची, काच न् काच मोजायची, भिंतीवर टिचकी मारून आत काय आहे ते ऐकायचं, आणि शेवटी कागदावर एक आकडा मांडायचा. तीस वर्षांत आपला आकडा चुकलेला नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. न विचारताही ऐकवायचा.

गणित त्याला शिकवलं होतं म्हाताऱ्या मिस्टर गॅडसननी. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याचा कागद ते त्याच्यासमोर फाडत. उन्हाळ्याच्या गणितात घरातली माणसं मोजायची, कारण माणसाच्या अंगाची ऊब खोली तापवते. थंडीच्या गणितात माणूस धरायचा नाही. फुकट मिळते म्हणून कुणाच्या अंगाच्या उबेवर विसंबायचं नाही. "माणूस उठतो आणि दुकानात जातो, बाबा," ते म्हणत. "भिंत कुठे जात नाही."

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिस आर्झेला टाउन्सेंडचा फोन आला. घर तापवणारा तळघरातला बॉयलर तडकला होता. मिस आर्झेला अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रॉस्कोची आई आणि ती चर्चमध्ये एकाच रांगेत उभ्या राहून गायच्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

"ते प्लगचे हीटर लावले की अर्ध्या घराचे फ्यूज उडतात," दार उघडता उघडताच ती म्हणाली. तिच्या अंगावर दोन स्वेटर आणि वर कोट होता. "वर व्हर्लीनच्या खोलीत बासष्ट फॅरनहाइटच्या वर काटा सरकत नाही. नर्स दर पंधरवड्याला येते, थर्मामीटर घेऊन. अडुसष्टच्या खाली दिसलं ना, तर महिनाअखेरीला व्हर्लीनला उचलून म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये टाकणार म्हणाली. तोंडावर म्हणाली माझ्या."

"नाही टाकणार, मिस आर्झेला."

"आईला मरताना शब्द दिलाय मी. व्हर्लीन या घरातून जाणार नाही. कळलं का पिंकनीच्या पोरा? काय वाटेल ते कर."

पिंकनीचं पोर बावन्न वर्षांचं होतं. त्याने मान डोलावली आणि खिशातून मोजपट्टी काढली.

२

व्हर्लीन थोरली बहीण, एक्क्याऐंशीची. पक्षाघाताने तिची डावी बाजू गेली होती, जीभ मात्र पहिल्यासारखीच शाबूत होती. मधल्या मजल्यावर मागच्या खोलीत, तीन गोधड्यांखाली ती पडून असायची.

रॉस्को तिच्या पलंगाभोवती माप घेऊ लागला तशी ती म्हणाली, "शवपेटीचं माप घेतोस का रे? खांद्यात जरा सैल ठेव."

"खिडकीचं घेतोय, मिस व्हर्लीन."

"खिडकीतून नेणार का मला? बरं, ने. आर्झेलाला जिने झेपत नाहीत."

रॉस्को हसला. म्हातारीचा उजवा हात गोधडीबाहेर होता. त्याने तो हळूच आत सरकवला. हात गार होता, पण जिवंत माणसाचा गार, आणि तिने त्याची बोटं क्षणभर धरून ठेवली.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढची सामानाची. मागची व्हर्लीनच्या बरोबर डोक्यावर. "ती राहू दे," जिन्याखालून आर्झेला ओरडली. "तिथे कुणी झोपत नाही." पण न मोजलेल्या खोलीचं घर रॉस्कोच्या कागदावर चढत नसे. त्याने दार ढकललं.

त्याच्या चष्म्यावर वाफ धरली.

थंडीतून उबेत गेलं की काच धूसर होते, यात नवल नाही. चष्मा पुसून त्याने थर्मामीटर बघितला. बाकी घरभर बावन्न होतं, इथे चौसष्ट. खोलीत एक लोखंडी पलंग, त्यावर गादी नाही. भिंतीला निळा कागद. जमिनीवर खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या चार पायांच्या खुणा आणि बूच मारलेला नळ. रेडिएटर नव्हता.

"आईने काढायला लावला," खाली आल्यावर आर्झेला म्हणाली. "मी सात वर्षांची असेन. म्हणाली, या खोलीला लागत नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे लागत नाही. आमच्या आईला दोनदा विचारायची पद्धत नव्हती."

जाताना त्याने खोल्याखोल्यांतून आपल्या पांढऱ्या डब्या ठेवल्या. हातात मावेल एवढी डबी. दर दहा मिनिटांनी ती खोलीचं तापमान लिहून ठेवते, आणि माणसांच्या श्वासाने तिथली हवा किती शिळी झाली तेही. माणसं खोटं सांगतात, डबी सांगत नाही, असं रॉस्को म्हणायचा.

३

आठवड्याने डब्यांचे आलेख त्याने आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सकाळच्या कॉफीबरोबर उघडले. मधल्या मजल्यावर पुढच्या खोलीत आर्झेला: रात्री दहाला हवा शिळी होऊ लागते, चारच्या सुमाराला रेघ सपाट होते, सहाला उतरते. एक माणूस, झोपेतला. व्हर्लीनची रेघ दिवसरात्र सारखी, कारण ती उठतच नाही. एक माणूस. बैठकीत कुणी नाही.

वरच्या मागच्या खोलीत: रात्री दहाला हवा शिळी होऊ लागते, चारच्या सुमाराला सपाट होते, सहाला उतरते.

रॉस्कोने कॉफी खाली ठेवली. डबी बिघडली, तो म्हणाला. अगदी मोठ्याने म्हणाला. दुपारी जाऊन त्याने वरची डबी बैठकीत ठेवली आणि बैठकीतली वर. पुढच्या आठवड्यात बैठकीची रेघ सपाट राहिली आणि वरच्या खोलीत पुन्हा कुणीतरी दहाला झोपलं आणि सहाला उठलं.

मग शेजारी. खोलीची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक होती. पलीकडे कुणी झोपत असेल, विटांच्या फटींतून त्याची ऊब आणि श्वास इकडे येत असेल. जुन्या घरांत असं होतं. पलीकडच्या कांद्याची फोडणी अलीकडे शिंकायला लावते. रॉस्कोला हायसं वाटलं. त्याने रस्त्यावर येऊन शेजारचं दार ठोठावलं आणि मग त्याला दिसलं की दारावर फळ्या मारलेल्या आहेत. मागच्या गल्लीतून वळसा घालून त्याने बघितलं. त्या घराला छप्परच नव्हतं. वरच्या मजल्याची जमीनही खाली गेली होती, आणि जिथे खोली असायची तिथे एक रोपटं वाऱ्यात हलत होतं. निळ्या कागदाच्या भिंतीपलीकडे नुसतं आभाळ होतं.

तरी काहीतरी असेल. एखादं बुजवलेलं धुराडं, कुणाच्या तरी शेगडीशी जोडलेलं. रॉस्कोने 'धुराडं?' असं वहीत लिहिलं आणि प्रश्नचिन्हावर पेन जरा जास्तच दाबलं.

४

खर्च शहराच्या योजनेतून निघणार होता. खरी अडचण वेगळीच होती. घरात येणारी विजेची तार जुनी, तिच्यावर मोठं यंत्र चालणार नाही. नवी तार मार्चमध्ये मिळेल, असं वीजवाल्यांनी सांगितलं. छोटं यंत्र चाललं असतं, पण ते कमी पडत होतं. रॉस्कोने फटी बुजवल्या, खिडक्यांवर दुसरी काच धरली, छपराखाली कापूस भरला, सगळं कागदावरच, आणि पुन्हा पुन्हा गणित मांडलं. शेवटी व्हर्लीनच्या खोलीत एका जुन्या शंभर वॅटच्या बल्बाएवढी ऊब कमी पडत राहिली. ती काही केल्या भरून येईना.

शंभराचा बल्ब म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगची ऊब. हे रॉस्कोला कुणी सांगायची गरज नव्हती.

नर्सची तारीख नऊ दिवसांवर होती. वर ती ऊब फुकट पडून होती. कुठून येते याच्याशी गणिताला काय करायचंय? मोजली आहे, दोनदा मोजली आहे. व्हर्लीनच्या छताला भोक पाडायचं, वरच्या खोलीतली हवा एका लहान पंख्याने खाली ओढायची, झालं. मिस्टर गॅडसन मरून अकरा वर्षं झाली होती. कागद फाडायला कोण येणार? वरच्या मागच्या खोलीच्या ओळीत, माणसांच्या रकान्यात, रॉस्कोने 'एक' टाइप केला. आकडा जुळला. आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला.

आर्झेलाला मात्र झाला नाही. "भोक कशाला? ती खोली आपली आपण बरी आहे."

"तिथली ऊब वाया जाते, मिस आर्झेला."

"आई म्हणायची, तिथलं तिथे राहू द्यावं."

"आईकडे थर्मामीटर घेऊन नर्स येत नव्हती," रॉस्को म्हणाला. लागेल असंच बोलला तो, आणि लागलं. म्हातारीने ओठ आवळले, कोटाची बटणं लावली, काढली, पुन्हा लावली.

"तिला नेणार नाहीत ना मग?"

"नाही नेणार."

"पाड मग भोक," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

५

नर्स आली त्या दिवशी काटा एकोणसत्तरवर होता. आर्झेलाने रॉस्कोला रताळ्याचं सारण भरलेला गोड 'पाय' भाजून पाठवला, वर चिठ्ठी: तुझी आई असती तर तिला अभिमान वाटला असता. रॉस्कोने तो तीन दिवस पुरवून खाल्ला.

डिसेंबरच्या मध्यावर व्हर्लीनचा फोन आला. आर्झेला चर्चला गेली होती.

"काम चांगलं केलंस हो लेका. पाय पहिल्यांदाच गरम झाले. पण तो पायाशी बसतो तो कोण ते सांगून जायचं होतंस."

"कोण बसतो?"

"मला काय विचारतोस, तूच आणलास ना? रात्री गादी दबते. बोलत नाही, चालत नाही. एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा पुरुषमाणूस खोलीत आलंय, तेही तुझ्या कृपेने. आर्झेलाला सांगू नकोस, जळेल." ती हसली आणि हसता हसता खोकली.

पक्षाघातात पायांना असे भास होतात, हे रॉस्कोला माहीत होतं. तरी त्याने संगणक उघडला. डब्यांचे आकडे आता घरबसल्या दिसत. वरच्या खोलीची रेघ जमिनीला टेकली होती. तिथे कुणी नव्हतं. व्हर्लीनच्या खोलीची रेघ दुप्पट उंच झाली होती.

पंखा हवा खाली ओढतो, म्हणून, तो म्हणाला. या वेळी मनातल्या मनात म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. या वेळी आवाजात थट्टा नव्हती. "रॉस्को, ते भोक बुजव. तो आता पायाशी नाही. पाठीशी आहे. मला कूस बदलता येत नाही रे. मानेवर श्वास लागतो. ये आणि बंद कर ते."

"मिस व्हर्लीन..."

"मी थंडीने मरते, चालेल मला. तू बंद कर."

पलीकडे खुडबुड झाली. फोनवर आर्झेला आली. "तू काही ऐकू नकोस तिचं. मंगळवारी नर्स यायचीय. पंख्याला हात लावशील तर याद राख." आणि मग हलकेच, "बंद केला तर किती होईल?"

"चौसष्ट. बाहेर फारच गारठलं तर त्रेसष्ट."

"म्हणजे नेतील."

"हो. नेतील."

मागून व्हर्लीनचा आवाज येत होता. काय म्हणते ते कळत नव्हतं, पण ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होती. दोघंही ते ऐकत राहिली. मग आर्झेला म्हणाली, "ठेवते," आणि तिने फोन ठेवला. रॉस्कोनेही आपला ठेवला. त्याला जाता आलं असतं. वीस मिनिटांचं अंतर होतं, गाडी दारात होती. तो गेला नाही, कारण गेला असता तर आकडा चुकला हे कबूल करावं लागलं असतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं.

६

जानेवारीत कडाका पडला. शहरातले नळ फुटले, शाळा बंद झाल्या. रॉस्को रोज सकाळी दात घासायच्या आधी व्हर्लीनच्या खोलीचा आकडा बघायचा. एकोणसत्तर. एकोणसत्तर. श्वासाची रेघ दोघांची.

सोमवारी कामाच्या घाईत बघायचं राहिलं. मंगळवारी सकाळी त्याने बघितलं, तर सोमवारी पहाटे चार वाजता रेघ खाली आली होती. एकदम नाही, जिना उतरावा तशी. आणि एकावर थांबली होती.

त्याला सुटल्यासारखं वाटलं. गेलं एकदाचं, तो म्हणाला, ते जे काही धुराड्यातलं होतं ते गेलं. मग त्याची नजर तापमानाच्या रेघेवर गेली. एक माणूस कमी झाल्यावर खोली गार व्हायला हवी होती. निदान अर्ध्या अंशाने, निदान या कडाक्यात. रेघ जशीच्या तशी होती, एकोणसत्तरवर.

दोघांपैकी एकाच्या अंगात ऊब फारशी नव्हतीच. एक्क्याऐंशी वर्षांची, हलू न शकणारी बाई किती ऊब देणार? गणितात ती धरण्यासारखी नव्हतीच. रॉस्कोने कोट चढवला.

७

"ये, ये," आर्झेला म्हणाली. घरात लोणी घातलेल्या मक्याच्या लापशीचा वास होता. तिच्या अंगावर आज एकच स्वेटर होता आणि चेहरा कितीतरी दिवसांनी झोप झाल्यासारखा. "बरा आलास, कागदावर सही राहिलीय तुझी. हळू बोल हं. झोपलीय."

"कधीपासून?"

"कालपासून. दोन महिन्यांत अशी शांत झोपली नव्हती. तक्रार नाही, काही नाही. खाल्लंही नाही, पण झोपू दे म्हटलं. नर्स येऊन गेली आत्ता तासाभरापूर्वी. म्हणाली, छान श्वास चाललाय, उठवू नका. एकोणसत्तर बघितलं, सही केली." तिने रॉस्कोचा दंड दाबला. "घरातच राहिली रे माझी बहीण."

रॉस्को वर गेला. दार लोटलेलं होतं. त्याने ते उघडलं आणि त्याच्या चष्म्यावर वाफ धरली.

चष्मा न पुसताच तो उभा राहिला. खिडकीतून सकाळचं पांढरं ऊन येत होतं. पंखा गुणगुणत होता. व्हर्लीन भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती. तिला कूस बदलता येत नसे. तीन गोधड्या वर जात होत्या, खाली येत होत्या. संथ, खोल, निरोगी झोप.

उजवा हात गोधडीबाहेर होता. रॉस्कोने तो हातात घेतला.

हिवाळ्यात बाहेर राहिलेलं लोखंड असावं तसा तो हात होता. बोटं वळली नाहीत, उघडलीही नाहीत. तो कालपासूनच तसा असणार. त्याने हात धरला होता आणि गोधडी वर जात होती, खाली येत होती. वर गेली.

आणि थांबली. शेजारी कुणी आल्याची चाहूल लागली की झोपलेला माणूस श्वास धरतो, तशी.

रॉस्कोच्या हातून तो हात सुटला. तो पलंगाच्या कडेवर पडला आणि क्षणभर तसाच राहिला. मग हळूहळू, कुणी काळजीने ओढून घ्यावा तसा, मनगट, मग तळवा, मग बोटं, गोधडीखाली गेला. गोधडीची कड आतून नीट दुमडली गेली. श्वास पुन्हा सुरू झाला.

"ऊब पुरेशी आहे ना तिला?" दारातून आर्झेलाने कुजबुजत विचारलं. तिच्या हातात शहराच्या योजनेचा कागद होता, काम पूर्ण झाल्याचा.

रॉस्कोने तिच्याकडे बघितलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य सांगितलं की लोक येणार, डॉक्टर येणार, तपासणारा येणार, तो त्याचं गणित मागणार, आणि वरच्या मागच्या खोलीच्या ओळीत, माणसांच्या रकान्यात, त्याला तो 'एक' दिसणार. रॉस्कोला आधी स्वतःचीच काळजी वाटली. म्हातारी नंतर आठवली.

"पुरेशी आहे," तो म्हणाला.

"आता नाही ना कुणी नेणार?"

"नाही, मिस आर्झेला. आता नाही नेणार."

ती समाधानाने जिना उतरली. तिच्यामागून तो उतरला. पंख्याचं बटण जिन्याजवळच्या भिंतीवर होतं. ते त्याने बघितलं आणि पुढे गेला. स्वयंपाकघरात तिने त्याच्यासमोर कागद ठेवला, लापशीची बशी ठेवली, आणि बोट एका रिकाम्या चौकटीवर टेकवलं. घरात राहणारी माणसं.

"हे राहिलंय बघ. आम्ही दोघी. दुसरं कोण असणार?"

वर, छतापलीकडे, पलंगाची स्प्रिंग करकरली. आर्झेलाने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बघ," ती म्हणाली, "कूस बदलायला लागली."

रॉस्कोने चौकटीत दोन लिहिलं आणि खाली सही केली. आकडा चुकला नव्हता.